पुण्याची मंडळी

नोकरी नसताना नोकरीची पँट सगळ्यांत जास्त वर्षं टिकवलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझ्या ताईचा धाकटा दीर. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती पँट मी शिवलेली आहे. बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिंप्याचं दुकान. ताई दिलेली अंथुर्ण्याला, तिकडं इंदापूर तालुक्यात. राखाडी टेरिकॉटच्या त्या पँटीचं नावच मुळी 'मुलाखतीची पँट' असं पडलं होतं, आणि तिचा मुक्काम कायम माझ्या दुकानातल्या खुंटीवर असायचा. कारण अंथुर्ण्याच्या घरात उंदीर होते, आणि त्याचा माझ्या मांजरावर विश्वास होता. पुण्याला कुठं मुलाखत निघाली की पहिल्या गाडीनं बारामतीला यायचं, पडद्याआड कपडे बदलायचे, "पाव्हणं, घडीवरनं जरा इस्त्री फिरवा" म्हणायचं आणि पुण्याची गाडी धरायची. संध्याकाळी परत आला की काय झालं हे मी विचारायचो नाही. पँट ज्या सावकाशपणे तो खुंटीला अडकवायचा, त्यावरून आपलं आपल्याला कळायचं. अधूनमधून कंबर सैल करून द्यावी लागायची. मी शिवतानाच आत भरपूर कापड सोडलं होतं, पण त्यालाही काही सुमार असतो की नाही!

बी.एस्सी. होऊन हा घरी बसला, त्याच सुमाराला बारामतीत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. त्या क्लासचा थाट काय सांगावा! चपला जिन्याखाली काढायच्या, पाय पुसायचे, आणि मग थंडगार खोलीत जायचं. तिथं मशीन फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेलं. सर आधी उदबत्ती ओवाळणार, मग ते कापड काढणार. एका मशीनपुढं तिघं-चौघं पोरं, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला बोटं टेकवण्यापुरता वेळ. आमचे पाहुणे तिथं कोबोल नावाची भाषा शिकायला लागले आणि त्या दिवसापासून माणूस कामातनं गेला. घरी सराव करायला मशीन कुठलं? मग ह्यानं बुटाच्या खोक्याच्या झाकणावर अक्षरांचे चौकोन आखले आणि त्यावर बडवायला लागला. झाकण फाटल्यावर जेवणाच्या ताटाच्या काठावर, एस.टी.तल्या पुढच्या बाकाच्या पाठीवर, आणि शेवटी धार काढायला बसण्याआधी म्हशीच्या पाठीवर. म्हशीला ते इतकं मानवलं की पुढं ताई धारेला बसली तर ती पान्हवेना. "दादा, मेलं दूध आटवलं भावजींनी," ताई रडकुंडीला येऊन मला सांगत होती, "आता रोज मलाबी तिच्या पाठीवर बोटं नाचवावी लागत्यात. शेजारणी हसत्यात."

ह्याच्या बोलण्यातसुद्धा ती भाषा शिरली. साधं 'चहा टाका' म्हणायचं तर "वैनी, जर दूध असंल तर चहा टाका, न्हायतर कोरा टाका" असं. कुठल्याही कामाच्या आधी पायऱ्या पाडल्या पाहिजेत, पायऱ्या नीट पडल्या की काम आपोआप होतं, हे त्याचं तत्त्वज्ञान. एकदा उसाला पाणी द्यायचं होतं आणि ह्याला क्लासला जायचं होतं, तर वडलांना, म्हणजे आबांना, सांगून गेला, "जर सरी भरली तर दारं मोडून पाणी पुढल्या सरीत सोडा, न्हायतर थांबा." त्या दिवशी पाटाचं पाणी वरच तुटलं. आबा बांधावर उभे. ताई जेवायला हाक मारतेय, आबा हलायला तयार नाहीत. हा परत आला तेव्हा म्हातारा उन्हात तसाच फावड्यावर हात ठेवून उभा. "थांबा म्हणलास, थांबलो," आबा म्हणाले. "पाणीच न्हाय आलं तर काय करायचं, ते तुझ्या भाषंत न्हाय." एवढं बोलून फावडं खांद्यावर टाकून घरी. पुढं आठवडाभर हा खाली मान घालून जेवत होता.

आबा म्हणजे त्या घरातलं दुसरं प्रकरण. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरलेला माणूस, पुढं पाटाचं पाणी आलं तसा शेतीत स्थिर झालेला. आवाज असा की पलीकडच्या शिवारातल्या माणसानं वळून बघावं. पण पोराचं कौतुक म्हणून तोंडातनं चकार शब्द निघायचा नाही. पोराला चांगलं म्हटलं की नजर लागते, अशी त्यांची ठाम समजूत. घराण्यातला पहिला पदवीधर झाला तेव्हासुद्धा पेढा तोंडात टाकून म्हणाले होते, "साखर जास्त झाली." कुणी विचारलं, "आबा, धाकटं काय करतंय?" की उत्तर ठरलेलं, "काय न्हाय. बोटं नाचवतंय." हा बिचारा तिथंच बसलेला असायचा. तो हसायचा, पण मला ते हसू बघवायचं नाही. बापाच्या तोंडून एकदा चांगलं ऐकावं म्हणून हे पोर जिवाचं रान करतंय, हे अख्ख्या घराला दिसत होतं, एका आबांना सोडून.

आणि नोकरी म्हणाल तर ती वाकुल्या दाखवत पुढं पळत होती. कोबोल तोंडपाठ झाली, तर पुण्याची माणसं म्हणायला लागली, आता कोबोल कोण विचारतंय, पास्कल येतं का? पास्कल शिकला, तर म्हणे सी पाहिजे. सी शिकला, तर म्हणे अनुभव पाहिजे. "पाव्हणं," तो माझ्यापुढं कैफियत मांडायचा, "नोकरी दिल्याबिगर अनुभव कुठनं येणार? अन् अनुभवाबिगर नोकरी न्हाय. ह्याला आमच्यात फेऱ्यात अडकणं म्हणत्यात. मशीनबी बंद पडतं अशानं." आबा दर नव्या भाषेला एकच प्रश्न विचारायचे, "ही शिकल्यावर लागंल का नोकरी?" हा म्हणायचा, "लागंल." मग आबा, "मागलीनं का न्हाय लागली?" ह्यावर कुठल्याही भाषेत उत्तर नव्हतं. बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, कुणी कारखान्यात चिकटलं, कुणी दूध संकलनात. ह्याला स्थळं यायची, पण 'मुलगा काय करतो?' ह्या प्रश्नापाशी अडून परत जायची.

अठ्ठ्याण्णव साली एके दिवशी हा धावतच दुकानात आला. "पाव्हणं, कोबोल परत आली!" मी सुईत दोरा ओवत होतो. म्हटलं, "कुठं गेली होती?" मग त्यानं मला कापडाच्या पट्टीवर खडूनं काढून दाखवलं. जुन्या मशिनींमध्ये साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे लिहिलेत. दोन हजार साल उजाडलं की मशीन समजणार एकोणीसशे साल आलं, आणि सगळे हिशेब शंभर वर्षं मागं जाणार. ते दुरुस्त करायला जुनी कोबोल जाणणारी माणसं हवीत, अमेरिकेत हवीत, पुण्यात हवीत, आणि नव्या पोरांना ती येत नाही! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जिला सगळ्यांनी टाकून दिलं आणि ह्यानं कधी टाकलं नाही, तीच ह्याच्या मदतीला आली होती.

पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत झाली. त्या संध्याकाळी पँट त्यानं खुंटीला अडकवली नाही, माझ्या टेबलावर फेकली! "अनुभव विचारलाच न्हाय कुणी. कागदावर प्रोग्राम लिवून दिला, साहेबानं उभ्या उभ्या वाचला अन् हसला. म्हणाला, घरी फोन करू." आता घरी फोन कुठला? त्या काळी जसं सगळे द्यायचे, तसा ह्यानंही शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता. कुणाचा फोन आला की दुकानदार हाळी द्यायचा. पुढचे दिवस हा त्या दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी बसून. शेवटी ताईच कंटाळली आणि म्हणाली, "भावजी, रुजू व्हायचं तर पँटीची कंबर तरी सैल करून आणा. फोन आला तर आमी हाय की." म्हणून हा माझ्याकडं आला. मी आतलं उरलंसुरलं सगळं कापड बाहेर काढलं, कंबर सैल करून दिली. भाचीसाठी झगा शिवून ठेवला होता, तो द्यायला मीही त्याच्याबरोबर अंथुर्ण्याला निघालो.

जाऊन बघतो तर आबा शिडीवर! हातात कुंचा, मिशांवर चुन्याचे ठिपके, आणि घराची पुढची भिंत अर्धी पांढरीफेक. दिवाळीला अजून अवकाश होता. मी म्हटलं, "आबा, हे काय काढलंत?"

"या, पाव्हणं!" आबा शिडीवरूनच गरजले. असा खुललेला आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. "धाकट्याला स्थळ आलं. पुण्याचं! सकाळीच फोन झाला. हाळी दिली तवा सूनबाई रानात व्हती, म्हणून मीच गेलो. बाई बोलत व्हती. थोरली बहीण असंल मुलीची. शिकल्याली वाटली. म्हणाली, साहेबांना मुलगा लई पसंत हाय. बाप साहेब हाय म्हणजे!"

माझ्या बाजूला उभ्या असलेल्या ह्यानं पँटीची पिशवी खाली ठेवली. आबांना त्याचं काय! ते खाली उतरले, ओट्यावर बसले आणि एकेक वाक्य चवीनं सांगायला लागले. "बाई म्हणली, सध्या काय करत्यात? म्या म्हणलं, काय करायची गरज काय त्याला? बागायत जमीन हाय, ऊस हाय, दुभती जनावरं हायत. म्हणली, पुण्याला राहायची तयारी हाय का? म्या म्हणलं, छ्या! आई-बापाला सोडून जाणाऱ्यातलं न्हाय आमचं पोरगं. म्हणली, परदेशी जावं लागलं तर? म्या म्हणलं, बाई, नाव काढू नका. नोकरीबिकरीच्या भानगडीत न्हाय तो, हौसंनं शिकलाय. अन् सांगू का पाव्हणं, पोराचं गुण सांगितलं सगळं. म्हणलं, तालुक्यात असा हुशार पोरगा न्हाय. मशिनीची भाषा येती त्याला. सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाय. माझा शब्द खाली पडू दिला न्हाय आजवर. हे समदं सांगितलं! बाई म्हणली, मग कधी येऊ शकतील? म्या म्हणलं, आमी न्हाय यायचो. आधी मुलीकडच्यांनी घर बघायला यायचं, तशी रीत हाय. या म्हणलं, चुना मारून ठेवतो."

अनोळखी माणसानं वयात आलेल्या पोराची चौकशी केली तर ती स्थळाचीच असते, ह्याबाहेरचा अनुभव आबांना आयुष्यात नव्हता. त्यांनी बापाचं कर्तव्य केलं होतं, तेही उत्तम! ताईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा ओरडणार, फुटणार. हा ओट्यापाशी गेला. मग म्हणाला, "आबा, खरंच असं म्हणला तुमी? तालुक्यात असा हुशार न्हाय?"

"मग? खोटं का बोलू लोकांम्होरं?" आबा गुरगुरले आणि परत शिडीवर चढले. ह्यानं बाही वर केली आणि चुन्याची बादली धरून शिडीखाली उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या गल्लीतल्या एस.टी.डी. बूथवरून त्यानं पुण्याला फोन लावला. मी काचेबाहेर. बाई सभ्य होती म्हणे. वडलांनी नोकरी करायची नाही असं सांगितल्यावर कंपनीनं लगोलग दुसऱ्याला घेतलं, आणि त्या तुकडीची परदेशी जायची तयारीही सुरू झाली. 'पुढं लागलं तर कळवू,' म्हणाली. कंपनीनं पुढं कधी कळवलं नाही. "बरोबर हाय, मॅडम," एवढं बोलून हा बाहेर आला आणि दुकानात येऊन बसला. "सगळ्या पायऱ्या पाडल्या व्हत्या, पाव्हणं," तो म्हणाला. "आबा फोन उचलतील, ही एक अट राहिली." त्यानं परत आणलेल्या पँटीकडं मी बघितलं. विचारावं की नको असं झालं, तरी विचारलं, कंबर परत आत घेऊ का? "राहू द्या," तो म्हणाला, "जेवण चालूच हाय." आणि मग माझ्या शिलाई मशीनवर डोकं टेकून रडला. मी दुकानाचा पडदा ओढून घेतला. दुसरं काय करणार!

आबांना त्यानं कधीच सांगितलं नाही. मलाही शपथ घातली. आबा वाट बघत राहिले. गावात पांढरी जीप शिरली की धोतर झटकून उभे राहायचे. दिवाळी झाली, संक्रांत झाली, भिंतीचा चुना पावसाळ्यात उतरला. "आपलं घर पसंत पडलं न्हाय वाटतं," म्हातारा ओट्यावर बसून म्हणायचा. "मीच जास्त बोललो का रं?" आणि हा शेजारी बसून सांगायचा, "न्हाय आबा. त्यास्नी घाई व्हती." पुढं वडगाव निंबाळकरची मुलगी करून घेतली. भली पोर मिळाली. इंदापुरात एका क्लासला हा शिकवायला लागला. पोरं विचारतात, "सर, ही भाषा शिकल्यावर नोकरी लागंल का?" हा सांगतो, "लागंल. पण आज घरी गेल्यावर थोरल्या माणसांना सांगून ठेवा, फोन कुणाचा येणार हाय ते." पोरं हसतात. त्यांना वाटतं, सर विनोदी आहेत.

आबा गेले त्याच्या दहाव्याला आम्ही दोघं ओढ्याच्या काठाला बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "पाव्हणं, एकदा तरी सांगायचं होतंत त्यांना. त्यांनी त्या कंपनीत जाऊन पाय धरले असते तुमच्यासाठी."

त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती, तीच जुनी सवय. "म्हणूनच न्हाय सांगितलं," तो म्हणाला. "जल्मात एकदाच त्यांनी कुणाम्होरं माझं कौतुक केलं, पाव्हणं. ते चुकलं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"