खिळ्यावरचा बूट

माझ्या मैत्रिणीच्या, रुक्सानाच्या मामूंनी आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्यांची नजर कमरेच्या वर जातच नाही. लष्करी इस्पितळात जवानांचे जायबंदी पाय पुन्हा चालते करण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन साताऱ्याला आले तरी नजर मात्र तिथेच राहिली. तीन वर्षं मी त्यांच्या घरी जाते आहे, पण रस्त्यात भेटले तर मला आधी चार पावलं चालून दाखवावं लागतं. मग ते म्हणतात, "हां, डावी टाच घासणारी. ये बेटा, ये." कुठल्याही लग्नाला गेले की मामू जेवणाच्या रांगेत सापडत नाहीत, ते दारातल्या चपलांपाशी सापडतात. एक एक चप्पल उलटी करून तळ कुठे झिजलाय ते बघत बसलेले असतात. कोरेगावच्या एका लग्नात तर मुलाकडच्या एकानं त्यांचा दंडच पकडला. "ओ चाचा, नवऱ्याचा बूट हाय त्यो! ठेवा खाली!" मामूंनी बूट न सोडता त्यालाच विचारलं, "नवरदेव कबड्डी खेळतो का रं? जिना चढताना जांघंत कळ येती का, इचार त्याला." कळ येत होती. मग भर स्टेजवर नवरदेवाला खुर्चीत बसवून मामूंनी त्याचा पाय वाकवून बघितला, आणि फोटोवाल्यानं तेवढ्यात तो फोटोही काढला. अल्बममध्ये तो अजून आहे.

रोज सकाळी मामू मैदानाच्या कडेला, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर डोळे मिटून बसतात. तिथे पोलीस आणि सैन्य भरतीची मुलंमुली पळत असतात. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा डुलक्या घेतोय. पण पावलांच्या आवाजात जरा कुठे ताल चुकला की मामूंचे डोळे उघडतात. "ए निळी चड्डी! ठैर जरा. उजव्या खुब्याला काय झालंय?" ते स्वतः इलाज फारसा करत नाहीत. "मी डॉक्टर न्हाई," असं ते अभिमानानं सांगतात, "डॉक्टरकडं धाडणारा मानूस हाय." मात्र एक इलाज त्यांचा स्वतःचा आहे. ज्याला विश्रांती हवी, त्याचा दुखऱ्या पायाचा बूट ते काढून घेतात आणि घरी नेऊन भिंतीवर खिळ्याला टांगतात. खाली खडूनं नाव आणि परत द्यायचा महिना. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर घड्याळ-कॅलेंडरांपेक्षा जास्त बूटच आहेत, आणि सगळे एकटे. मामी म्हणतात, घर आहे की चांभाराचं दुकान? मामूंचं म्हणणं सरळ आहे. "नुसतं तोंडानं आराम कर म्हटलं, तर पोरं दुसऱ्या दिवशी पळत्यात. एका बुटावर कोन पळतंय?"

मला हे सगळं गमतीचंच वाटायचं, माझ्या बहिणीचा बूट तिथे टांगला जाईपर्यंत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि खाकी घालणारी पहिली वैशू, असं आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कधीच ठरवून टाकलं होतं. आण्णा एमआयडीसीतल्या कंपनीत आहेत. भरती महिन्यावर आली तेव्हा वैशूच्या उजव्या जांघेत दुखायला लागून तीन आठवडे झाले होते. आधी पळताना दुखायचं, मग चालताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. आण्णांनी तिला तालमीतल्या वस्तादांकडे नेऊन तेलानं मांडी रगडून घेतली. एक्सरेही काढला. तो साफ आला. आण्णा खूश झाले. "हाड शाबूत हाय. ही नुसती रग हाय. पळून पळूनच जिरंल."

मला काय वाटत होतं ते आण्णांना सांगायचं धाडस झालं नाही. मी गुपचूप वैशूला मामूंकडे नेलं. ती दारातच होती तोवर मामू आतून म्हणाले, "तीन पायऱ्यांत दोनदा कठडा धरला. कोन हाय?" त्यांनी तिला सतरंजीवर निजवलं, गुडघा दुमडला आणि पाऊल अगदी हलक्या हातानं फिरवलं. वैशूनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. मामू तिथल्या तिथे थांबले.

"एक्सरे साफ आलाय, मामू," मी चाचरत म्हणाले.

"बारीक चीर सुरवातीला एक्सऱ्यात दिसत न्हाई, बेटा. सांगलीला जाऊन एमआरआय करा. तवर ह्या पायावर वजन टाकायचं न्हाई, आन कुनी रगडायचं न्हाई." आणि त्यांनी तिचा उजवा बूट उचलला.

"मामू, भरती आलीय! द्या ना माझा बूट!" वैशू रडायला लागली.

"देनार की. महिना लिवून देनार."

घरी एकच बूट दिसल्यावर सगळं बाहेर आलं, आणि संध्याकाळी आण्णा तो बूट मागायला मामूंच्या दारात उभे. मी मागे.

"आवं, बूट द्या. पोरगी माझी हाय."

मामूंनी आण्णांच्या पायांकडे पाहिलं. "डावा गुडघा कवापासनं दुखतोय?"

"त्ये ऱ्हाऊ द्या. बूट द्या."

मामू उठले आणि कोपऱ्यातल्या खिळ्यावरचा एक जुना बूट काढून त्यांनी आण्णांच्या हातात दिला. पॉलिशनं तो चकाकत होता. "ह्यो ज्याचा, त्याचाबी एक्सरे साफ हुता. मी बूट ठिवून घेतला, तर त्यानं दोस्ताचे घातले आन भरतीला पळाला. खुब्याचं हाड मैदानातच तुटलं. त्याच्या बाला मी भेटलो न्हवतो, आण्णा. बूट घेतला म्हंजी झालं, असं वाटलं मला. ती चूक माझी."

आण्णांनी तो बूट स्वतःच परत खिळ्याला अडकवला. मग म्हणाले, "सांगलीला कवा जायाचं?"

एमआरआयमध्ये खुब्याजवळ, मांडीच्या हाडाच्या मानेला आतून बारीक चीर निघाली. आणखी दोन आठवडे पळाली असती तर स्क्रू घालावे लागले असते, असं डॉक्टर म्हणाले. ती भरती हुकली. वैशू सहा आठवडे कुबड्यांवर होती, आणि ती कुबड्या टाकून दोन पावलं जरी चालली तरी सगळ्यात मोठ्यानं ओरडायचे ते आण्णाच.

डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली त्या दिवशी आण्णा कंदी पेढे घेऊन मामूंकडे आले. मामूंनी डोळे मिटून वैशूला अंगणात चालायला लावलं, मग हळू पळायला लावलं. "घे," एवढंच म्हणाले. बुटाला नवी नाडी होती. यंदाच्या भरतीत वैशू पळाली. निकाल अजून लागायचा आहे, पण ती भरती होणार, याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नाही.

पेढे नेले त्या दिवशी मी मामूंना कोपऱ्यातल्या बुटाबद्दल विचारलं. तो मुलगा कुठे असतो?

"पाचगनीकडं स्ट्रॉबेरीच्या मळ्यात हाय म्हनं. येईल की बूट न्यायला." मग बुटावर फडकं फिरवत म्हणाले, "मला त्याचं तोंड आठवत न्हाई, बेटा. चाल आठवती. पन ती चाल आता ऱ्हायली नसंल."

तेव्हापासून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. सुरुवातीला मी म्हटलं, मामू कुणाचा चेहरा पाहत नाहीत. ते अगदी खरं नाही. रस्त्यावरून कुणी लंगडत जात असलं, की मामू हातातलं काम थांबवतात, मान वर करतात, आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतात.