वाळूवर पाय ठेवू नये

न्युरेम्बर्गला उतरल्या दिवसापासून माझ्या मुलाने मला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला सुरुवात केली. आई, एकटी बाहेर पडू नकोस. आई, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ. आई, सायकल तर अजिबात नको, इथले नियम वेगळे आहेत. उभी नोकरी मी सायकलवरून केली. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात, सीना नदीच्या पुलावरून, गणिताच्या वह्यांची पिशवी हँडलला अडकवून मी शाळा गाठायचे. ज्या मुलाला मी त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसवून बालवाडीत पोचवलं, त्याने मला सायकलचे नियम सांगावेत? मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

ह्यांना विमान नको असतं, त्यामुळे मी एकटीच आले होते. प्रसाद इथल्या एका यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आणि सून मृण्मयी सॉफ्टवेअरमध्ये. दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली. घरात बोलायला एक नात, रेवा. दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. इथे शाळेतच मुलांची सायकलची परीक्षा होते, ती घ्यायला पोलीस येतात. रेवा ती नुकतीच पास झाली होती आणि तिने तिचा बिल्ला दप्तराला लावला होता. मी दोन आठवडे धुसफूस केल्यावर प्रसाद नमला, पण अट घालूनच. पुढे रेवा, मागे मी, आणि रेवा सांगेल तसं वागायचं. म्हणजे नातीच्या पहाऱ्यात आजी.

निघायच्या सकाळीच बापूचा फोन आला. बापू माझा धाकटा भाऊ, गावाकडची शेती तोच कसतो. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. शेताच्या टोकाला सीनेचं पात्र आहे, आणि तिथली वाळू उपसायला एका ठेकेदाराला आमच्या शेतातून वाट हवी होती. बापूची विहीर सलग दोन उन्हाळे कोरडी पडलेली. वाट दिली तर ठेकेदार त्याला बोअर मारून देणार होता. सगळं माझ्या एका 'हो'पाशी अडलं होतं.

"ताई, पावसाच्या आत काम व्हायला पाहिजे," तो म्हणाला. "तू नुसतं हो म्हण."

संध्याकाळी सांगते म्हणून मी फोन ठेवला. प्रसाद माझ्या सायकलची सीट खाली करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "देऊन टाक ना आई. आपण कुठे कसायला जाणार आहोत?" कसायला जाणार नव्हते हे खरंच होतं, आणि समोरच्याचं गणित बरोबर आलं की गणिताची बाई जास्तच चिडते.

पेग्नित्स ही इथली नदी. गावाच्या मधोमध वाहते आणि तिच्या दोन्ही काठांनी सायकलींची वाट जाते. कधी डांबरी, कधी नुसती खडीमातीची, बाजूला कमरेएवढं गवत आणि वर चिनारासारखी उंच झाडं. पाणी तळाचे गोटे दिसावेत इतकं स्वच्छ. अशा वाटेवर कोणाचंही मन निवलं असतं, पण लोक निवू देतील तर ना. मी सवयीने डाव्या बाजूने चालले होते, आपल्याकडे सगळं जग डावीकडूनच जातं. समोरून घट्ट चड्डीतला एक गृहस्थ बाणासारखा आला, जेमतेम चुकला आणि वळून काहीतरी ओरडला. रेवाने ब्रेक लावला.

"आजी, रेश्त्स! इमर रेश्त्स!" (उजवीकडे! नेहमी उजवीकडे!)

उजवीकडे आले. पुढे एका आजोबांना बाजूला व्हा म्हणून घंटी वाजवली, तर ते घंटी वाजवली म्हणून रागावले. पुढच्या बाईंना वाजवली नाही, तर त्या वाजवली नाही म्हणून रागावल्या. या देशात अनोळखी माणसाला रागावायचा परवाना जन्मदाखल्याबरोबरच देत असावेत. त्यात मृण्मयीची ती सायकल. आपल्याकडे उतारावर आपण पायडल उलटं फिरवत मजेत बसतो. इथे पायडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेकच लागतो. एका उतारावर मी मजेत बसायला गेले आणि थेट खाजकुयलीसारख्या कसल्याशा झुडपात जाऊन बसले. हाताला ही आग झाली. रेवाने मला उठवलं, पण त्याआधी सायकल रस्त्यातून नीट बाजूला घेतली, कारण परीक्षेत तसंच शिकवलेलं असतं. याचाही मला राग आला.

फ्युर्थ गावाशी पेग्नित्सला रेडनित्स नावाची दुसरी नदी मिळते आणि पुढे दोघी मिळून रेग्नित्स होतात. नावं ठेवताना कोणीतरी फारच काटकसर केलेली दिसते. तिथे झाडांखाली बिअरगार्टन (अंगणातली पेयांची खानावळ) होतं. पेय त्यांचं घेतलं तर डबा आपला खाल्ला तरी चालतो, हा इथला जुना रिवाज आहे. हा एक मात्र मला मनापासून आवडला. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. रेवाने आप्फेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस) आणि ब्रेत्सल (मिठाचा वेटोळा पाव) घेतला. थोड्या वेळाने बघते तर बाईसाहेब ब्रेत्सल चटणीत बुडवून खातायत. पलीकडच्या बाकावरच्या जोडप्याने ते पाहिलं आणि चक्क कोणी रागावलं नाही.

तिथून आम्ही रेडनित्सच्या काठाने वरच्या अंगाला निघालो. तासाभरात जमीन बदलली. गवत खुरटं झालं, मग विरळ, आणि मग चाकाखाली करकर वाजायला लागलं. वाळू. मैलभर पसरलेला उघडा माळ, मधूनच पाइनची झाडं, वाऱ्याने हलणारी गुलाबी बटणांसारखी फुलं, आणि कडेला संथ वाहणारी नदी. आई, तुला आमचं वाळवंट दाखवतो, असं प्रसाद म्हणाला होता ते हेच. हे सगळं शहरच म्हणे वाळूवर वसलं आहे. माझ्या नाकात तापलेल्या वाळूचा वास गेला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला घरची आठवण पोटातून आली. मी सायकल वळवली आणि वाट सोडून त्या वाळूकडे निघाले. मला फक्त हात लावायचा होता.

पाठीमागून एक सायकल आली आणि माझ्या पुढ्यात आडवी उभी राहिली. माझ्याच वयाची बाई, पांढरे कापलेले केस, अंगात नारिंगी जाकीट, मागच्या टोपलीत उपटलेली रोपटी. ती बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता, पण थांबेचना. मी रेवाकडे पाहिलं. रेवाचे कान लाल झाले होते. शेजारी दोरी बांधलेली होती, पाटीही होती, ती मला दिसली नव्हती. रेवाने खुणांनी आणि तुटक शब्दांनी सांगितलं ते असं, ही वाळू राखीव आहे. वाट सोडून वाळूवर पाय ठेवू नये. कुत्रे बांधून आणावेत. आणि टोपलीतली ती रोपटी पाइनची होती. झाडं वाढली की वाळू झाकली जाते, म्हणून ही बाई आणि तिच्या मैत्रिणी सुटीच्या दिवशी येऊन ती उपटतात. बिनपगारी.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ओसाड जमीन ओसाड राहावी म्हणून राबणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे माळावर एक लिंब जगवायचा तर बायका डोक्यावरून पाणी नेतात. आणि इथे कुठली तरी बाई माझी वाट अडवून मला सांगते, वाळूला हात लावायचा नाही.

"तिला सांग, मी सोलापूरची आहे," मी रेवाला म्हटलं. "वाळू म्हणजे काय ते मला शिकवू नका म्हणावं. माझं लहानपण नदीच्या वाळूत गेलंय."

रेवाने त्यातलं किती सांगितलं कोण जाणे. पण त्या बाईचा चेहरा बदलला. तिने सायकल स्टँडला लावली आणि काहीतरी विचारलं. कुठली नदी, कशी आहे ती, असं.

मग मी सांगत सुटले. रागातच सांगत होते. सीनेचं पात्र सगळं वाळूचं. उन्हाळ्यात वरून कोरडं, पण आम्ही पोरी कोपरापर्यंत खड्डा उकरायचो की खालून पाणी यायचं. त्याला झिरा म्हणतात. वाटीने वाटीने कळशी भरायची. वाळू पाणी धरून ठेवायची आणि काठच्या विहिरींना पुरवायची, आमच्या वडिलांच्या विहिरीलाही. मग घरं वाढली, बंगले वाढले, आणि वाळूला सोन्याचा भाव आला. ट्रॅक्टर आले, डंपर आले. आता पात्रात हत्ती बुडेल एवढे खड्डे आहेत, पुलाचे पाय उघडे पडलेत, आणि झिरा उकरला तर खाली खडक लागतो. इथे तुम्ही दोऱ्या बांधून वाळू राखता. आमची आख्खी नदी लोकांनी ट्रॉलीत भरून नेली आणि कोणी आडवं आलं नाही.

मी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की रेवा एकही वाक्य गाळत नव्हती. हात हलवून सांगत होती. झिऱ्याला जर्मन शब्द नसावा, म्हणून तिने वाकून हवेत खड्डा उकरून दाखवला. ती बाई ऐकत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला. रेवा माझ्याकडे वळली आणि आख्खं वाक्य मराठीत बोलली, जड जिभेने, शब्द जुळवत.

"आजी, त्या विचारतायत, न्यायला हो कोण म्हणालं?"

माझ्या पर्समध्ये फोन होता. त्या फोनवर माझा भाऊ संध्याकाळपर्यंत माझ्या 'हो'ची वाट पाहत होता. त्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं, रेवालाही नव्हतं. दोघी नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "सगळेच," आणि मान वळवली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. आधी नदीतलं पाणी घालवायचं, मग त्याच्याच बदल्यात पाण्याचं बोअर द्यायचं, आणि वर आम्ही आभार मानायचे.

तिथूनच बापूला फोन लावला.

"बापू, माझं उत्तर 'नाही' असं आहे."

"अगं ताई, माझी विहीर..."

"विहीर कशाने आटली ते तुला माहीत आहे."

तो म्हणाला, "वरच्या अंगाला सगळ्यांनीच वाट दिलीय. आपण एकट्याने अडवून नदी राहणार आहे का?"

हे काही खोटं नव्हतं. "नसेल राहणार," मी म्हटलं. "पण आपल्या शेतातून जाणार नाही." त्याने फोन ठेवून दिला.

त्या बाईने जाताना माझ्याशी हात मिळवला. तिचा हात रोपटी उपटून खरखरीत झाला होता. आम्ही आल्या वाटेने परतलो. मी सबंध वाट उजवीकडून चालले, वळताना हात दाखवला, घंटी वाजवायची तिथेच वाजवली. रेवा एकदा मागे वळून म्हणाली, "गेनाऊ, आजी." (बरोबर.) घरी प्रसादला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, आई, तू फार तापतेस. हो, तापते. मे महिन्यात सोलापूरचं माणूस दुसरं काय करणार?

महिनाअखेरीला मी परत आले. बापू स्टेशनवर आला नाही, फोनही नाही. दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझी जुनी सायकल काढून एकटीच शेतावर गेले. पात्राच्या पलीकडच्या काठाला मशीनची घरघर चालू होती. आमच्या बाजूला तेवढी वाळूची हातभर रुंद पांढरी पट्टी उरल्यासारखी दिसत होती. आणि आमच्याच बांधावरून, उसाच्या कडेने, रिकामी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर नदीकडे चालला होता. बापू बांधावरच्या बाभळीखाली बसला होता. मला पाहून तो उठला नाही. ताई परदेशातून बोलली, ती कुठे बघायला येणार, असं त्याने धरलं असणार.

मी सायकलवरून उतरले आणि ती वाटेत आडवी घातली.

"मावशी, बाजूला घ्या," ड्रायव्हर वरून म्हणाला. "मालकानं हो म्हटलंय."

"एका मालकाने म्हटलं असेल. दुसरी मी आहे. मी नाही म्हटलेलं आहे."

त्याने बापूकडे पाहिलं. मीही पाहिलं. ऊन नुकतंच चढत होतं आणि इंजिन थडथडत होतं. बापू उठला, ट्रॅक्टरच्या मागे गेला, आणि ट्रॉलीला वळून परत जायला जागा व्हावी म्हणून बांधाच्या कडेला टाकलेल्या बाभळीच्या फांद्या एकेक करून ओढायला लागला.