भोंगा वाजला की

आमच्या काकांनी धरणाच्या दरवाजांवर उभा जन्म काढला. खालची जंगलातली नदी वाहायची की आटायची, ते त्यांच्या हातात होतं आणि त्याचा त्यांना माजही होता. हौशी होडीवाले "काका, थोडं पाणी सोडा ना" म्हणून गयावया करत. काका चष्म्यावरून बघत. "नदी काय तुमच्या बापाची आहे? वेळापत्रक बघा."

हाताखालच्या माणसानं भोंगा वाजवला, की काका भरल्या ताटावरून उठून नदीपात्रातली माणसं हाकलायला धावत. मगच दरवाजे उघडत.

एकदा होडीतून ही नदी दाखवा, एवढी एकच मागणी काकूनं लग्नापासून लावून धरली होती. "रिटायर झाल्यावर" हे काकांचं ठरलेलं उत्तर. ते रिटायर झाले तोवर काकूचे गुडघे कुरकुरायला लागले होते. "यंदा नाही तर कधीच नाही," तिनं बजावलं.

तयारी जोरात सुरू झाली. पलंगाची होडी, झाडूचं वल्हं. काकू वल्हवायची, काका हुकूम सोडायचे. खरी होडी उसनी मिळाली. राहिलं पाणी. दरवाजांवर आता त्यांचीच मुलगी होती. काकांनी ऐटीत फोन लावला.

"रविवारी जरा पाणी सोड गं."

"बाबा, वेळापत्रक बघा."

काका आठवडाभर धुसफुसले, आणि येईल त्याला सांगत सुटले, "माझ्या हाताखाली शिकलीय!"

अखेर वेळापत्रकातला दिवस उजाडला. काठालगतच्या घोटाभर पाण्यात दोघं होडीत बसली. मी हमाल, सामान चढवून काठावर उभा. लांबून भोंगा वाजला आणि काका ताडकन उडी मारून बाहेर!

"पात्र रिकामं करा! बाहेर व्हा सगळे!"

पात्रात काकूखेरीज चिटपाखरू नव्हतं.

"अहो, रिटायर झालात तुम्ही! बसा!" ती ओरडली. तोवर पाणी आलं, होडी उचलली गेली आणि काकू झपाझप वल्हं मारत वळणाआड दिसेनाशी झाली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. झुडपं तुडवत आम्ही धावलो. पुढच्या संथ डोहात काकूनं होडी काठाला लावली होती आणि ती डबा उघडून निवांत खात होती. काका चक्क रडायला लागले. "मी तुला सोडून गेलो गं."

"भोंगा वाजला की उठून जाता, ते मला नवीन आहे का?" काकू म्हणाली. "या, बसा. वल्हं मात्र माझ्याकडे राहील."

काका निमूट बसले. होडी दिसेनाशी होईपर्यंत मी कान देऊन होतो. एकही हुकूम ऐकू आला नाही.