शिकारीकाकांना दिलेला शब्द

आमचे शिकारीकाका पहाटे साडेचारला फोन करायचे आणि 'हॅलो'च्या जागी "वारा पश्चिमेचा आहे" एवढंच सांगायचे. पाच मिनिटांत मी जॅकेट चढवून त्यांच्या गाडीत. इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोक गावातले बाकीचे मराठी काका निवृत्तीनंतर गुलाब लावतात. यांनी बंदुकीचं लायसन्स काढलं होतं. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याची कोवळी झाडं हरणं फस्त करायची, म्हणून त्याने काकांना शिकारीची परवानगी दिली होती.

"बेस्ट टाइम दोनच," काका बजावायचे. "उजाडताना आणि मावळताना. तेव्हा ती चरायला बाहेर येतात. पण वारा आपल्या तोंडावर हवा. हरीण नाकाने बघतं, कळलं?" पावसानंतरची स्वच्छ सकाळ त्यांची विशेष लाडकी. मी चिवड्याच्या पाकिटाला नुसता हात लावला, तरी डोळे वटारायचे.

उन्हाळ्यात फक्त नर मारायचा, असा कायदाच आहे. मादीमागे तेव्हा पिल्लू असतं. म्हणून आधी काका ओळखायचे, मग मी दुर्बिणीतून खात्री करायची. "ज्या दिवशी मी चुकेन, त्या दिवशी बंदूक जमा. आणि ते तू सांगायचंस. शब्द दे." मी हसत हसत दिला.

पुढे त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. एप्रिलमध्ये त्यांनी झाडीत शिरणाऱ्या मादीला नर म्हटलं. हरीण निघूनच गेलं होतं, म्हणून मी म्हणाले, "बरोबर, काका." काकू गेल्यापासून ते या पहाटांच्या जोरावरच उभे होते. माझी जीभच रेटेना.

मे महिन्यात मात्र हरीण समोर उभं राहिलं. "नर," काका पुटपुटले आणि बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत मला शिंगं दिसेनात, नुसते उभारलेले कान.

"काका, थांबा. मादी आहे."

त्यांनी बंदूक खाली घेतली, गोळी काढून खिशात टाकली. "शुअर?"

"हो. आणि मागच्या वेळचीही मादीच होती."

परतताना मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. त्याच दिवशी त्यांनी पोलिसांना फोन केला आणि बंदूक जमा केली.

आता काही ते मला बोलवत नाहीत, असं मी धरून चालले होते. पुढच्याच आठवड्यात साडेचारला फोन वाजला. "वारा पश्चिमेचा आहे."

"पण काका, बंदूक?"

"बंदूक कशाला हवी? तू बघ आणि मला सांग. फक्त खरं सांग."