शुक्रवारचा प्रेक्षक

अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या समोर राहणारे काका नागपूरचे, मुलाकडे कायमचे आलेले. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या कंपनीने त्यांच्या टीव्हीवर एक डबी बसवली होती. अशा मोजक्या घरांवरून हजारो घरांचा अंदाज बांधत आणि चॅनेलवाले त्यावरून कार्यक्रम ठेवत. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठताना परत दाबायचं. बाहेर कुणाकडे बोलायचं नाही, असा नियम. मी रोज चहाला जायचो, म्हणून मला माहीत. काका पाणी प्यायलासुद्धा बटण दाबून उठत.

त्यांच्या शेजारच्या गोऱ्या आजोबांची नात कॉलेजच्या आइस हॉकी, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या टीममध्ये गोलकीपर होती. मुलींच्या मॅचेस कुणी बघत नाही, लोकल चॅनेल त्या बंद करणार, असं आजोबांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना सांगितलं. काका नुसतं "च्च" म्हणाले.

त्या शुक्रवारपासून काका इस्त्रीचा शर्ट घालून हॉकी बघायला बसू लागले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"ते चेंडूऐवजीचं काळं बिस्कीट तुला तरी दिसतं का रे?"

"काका, बटण दाबा आणि खुशाल झोपा. कोण बघतंय?"

"न बघता दाबू? हे बोगस मतदान झालं."

बर्फ वितळला तेव्हा आजोबा लगबगीने आले. चॅनेल पुढच्या वर्षीही मॅचेस दाखवणार होतं. "समबडी इज वॉचिंग!" त्यांचे डोळे भरून आले होते.

"व्हेरी गुड," काका म्हणाले.

आजोबा गेले, दार लागलं आणि काका सोफ्यावर मटकन बसले.

"म्हणजे अजून अख्खं एक वर्ष बघायचं?"