लाफाइतालेंची करवंटी

सावाई बेटावरच्या आमच्या गावात घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे कोलोनेला आपिया शहरातल्या इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी तो तारोचे किती कंद जेवला, किती वेळ निजला आणि निजेत काही बरळला का, हे सगळं संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच चर्चच्या पायरीपर्यंत पोचलं होतं.

त्याला झालं काय होतं, याबद्दल मात्र एकमत नव्हतं. चोवीस वर्षांचा पोरगा, आपियात लाकडाच्या वखारीत कामाला. एका दुपारी वखारीच्या पत्र्यातून माणसांचे आवाज येऊ लागले. ते त्याचं नाव घेऊन हसायचे. दोन आठवडे डोळ्याला डोळा नाही. शेवटी बंदराच्या धक्क्यावर उभा राहून न आलेल्या पाहुण्यांचं मोठ्या आवाजात स्वागत करताना पोलिसांनी त्याला धरलं. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे. गाव म्हणालं, भूत आहे. आणि मग कुणाचं भूत यावर जुंपली. एक गट म्हणे पणजीचं. दुसरा म्हणे, ती पणजी जिवंतपणी विहिरीपर्यंत जायला कुरकुरायची, मेल्यावर बोटीत बसून आपियाला कशाला जाईल?

गोळ्यांनी आवाज गेले. गावानं ठरवून टाकलं, पोरगा बरा झाला.

आउनोआ आत्यानं तसं ठरवलं नाही. कोलोनेला आईच्या माघारी तिनं वाढवलेलं. एकदा नारळाच्या दुधाचं पातेलं त्याच्यावर सोपवून ती परत आली, तर तो पळी धरून तसाच उभा.

"मीठ घातलंस का रे?"

"घातलं. बहुतेक."

"बहुतेक काय मेल्या? चाखून बघ."

"चाखलं आत्या. काय लागलं ते आठवत नाहीये."

आत्या हसली, आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं. तिच्या बिंगोला तो बसला, तर एक आकडा कागदावर शोधेपर्यंत पुकारणाऱ्याचे तीन निघून जात. दोघं एकदम बोलू लागले की त्याला एकाचंही कळत नसे. लोक म्हणत, शहरात राहून आळशी झाला. आळशी म्हटलेलं त्याला बरं वाटे. त्यात निदान उद्यापासून कामाला लागायची सोय होती.

महिन्याला इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईला त्यानं एकदा विचारलंच. ती म्हणाली, "लहानपणी पाठ केलेलं आहे, ते राहतं. पण काम चालू असताना आपण कुठवर आलो, हे डोक्यात धरून ठेवणं जड जाणार. थोडं परत येईल. किती, ते मी खोटं सांगणार नाही."

दुसरं काहीही गेलं असतं तर चाललं असतं. पण 'कुठवर आलो' हेच कोलोनेच्या घराण्याचं काम. चार पिढ्या आव्याचा पुकारा त्यांच्याकडे. गावात मोठी बैठक बसली की लाकडी परातीत कालवलेला आवा, म्हणजे मुळांचं मानाचं पेय, कुणाला आधी, कुणाला नंतर, हे खड्या आवाजात पुकारायचं. प्रत्येक मोठ्या मताईच्या, म्हणजे घराण्याच्या मुखियाच्या, करवंटीला तिचं स्वतःचं नाव, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नाव चुकलं की त्या घराण्याचा अपमान. क्रम चुकला की त्याहून मोठा. कागद हातात धरायची रीत नाही. कोलोने पंधराव्या वर्षापासून पुकारायचा, आणि असा पुकारायचा की नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्याही विणकाम खाली ठेवत.

त्याचे काका सालेवाओ आता थकले होते. आपल्यामागे मताईपद कोलोनेला द्यायचं, हे त्यांनी कधीच ठरवलं होतं. घराण्यातले बाकीचे म्हणू लागले, वीलीआमुला द्या. वीलीआमु चुलतभाऊ, आवाज दांडगा, पाठ मात्र एक प्रार्थना, तीही जेवणाआधीची. ती कशी विसरेल!

"पलीकडच्या बेटावरचे पाहुणे येतायत, शाळेच्या नव्या इमारतीला," काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "पुकारा कोलोने करेल. नीट झाला, तर पद त्याचं. नंतर कुणी कुरकुरायचं नाही."

चार आठवडे काकांनी त्याच्याकडून घोकून घेतलं. नावं अगदी बिनचूक यायची, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मधेच कोंबडी आडवी गेली, कुणी हाक मारली, की मात्र तो थांबे आणि काकांच्या तोंडाकडे बघे. मग त्यानं युक्ती काढली. समुद्रावरून नऊ खडे आणले. बैठकीत उजव्या मांडीखाली ठेवायचे आणि एक करवंटी पुकारली की एक खडा डावीकडे.

"हे कुणाला कळलं तर हसतील," काका म्हणाले.

"हसू देत काका. तुम्ही नका हसू म्हणजे झालं."

काका हसले नाहीत. एक खडा फार मोठा होता, तो बदलून त्यांनी स्वतः शोधून आणला.

बैठकीच्या सकाळी खांबाखांबाशी मताई बसले. कोलोने परातीमागे, अंगाला तेल, गळ्यात लाल बियांची माळ. पहिली करवंटी गावच्या प्रमुखाची. आवाज असा सुटला की आत्याच्या अंगावर शहारा आला. खडा डावीकडे.

दुसरी करवंटी पाहुण्यांतल्या तुइसावांची. "उधाणावर तरलेलं पान, तुइसावांकडे न्या!" तुइसावा भारी गप्पिष्ट. करवंटी हातात घेऊन त्यांनी बोटीतली हकिकत काढली: त्यांच्या बायकोला बोट लागली, तिनं शेजारच्या पाद्रीबुवांची टोपी मागून घेतली, आणि पुढे त्या टोपीचं काय झालं. सगळी बैठक खदखदा हसली. पाद्रीबुवा हसले नाहीत म्हणून आणखी हसली. कोलोनेही हसला. किती महिन्यांनी त्याला एखादी गोष्ट शेवटपर्यंत समजली होती!

हसणं ओसरलं. त्याचा हात मांडीखाली गेला. दुसरा खडा सरकवला होता का? डावीकडे एकच होता. मग दुसरी करवंटी व्हायचीय. पण तुइसावा तर... ते आता प्याले, की ती तालमीतली आठवण? सगळे त्याच्याकडे बघत होते. खडा खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटलं.

"उधाणावर तरलेलं पान, तुइसावांकडे न्या!"

तिसरी करवंटी मताई लाफाइतालेंची होती. ती घेण्याआधी टाळी वाजवायला त्यांनी हात उचलले होते. ते तसेच अधांतरी राहिले. मग त्यांनी ते सावकाश मांडीवर ठेवले.

"माझं तोंड इतकं कोरडं दिसतंय का रे बाबा?" तुइसावा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

सालेवाओ काका उठले. "चूक माझी आहे. क्रम मीच उलटा शिकवला. पोरानं मी सांगितलं तेच म्हटलं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. म्हातारा चुकला, म्हातारी माणसं चुकतात. काकांना दंड झाला असता, एक डुक्कर, दोन चटया, आणि कोलोनेचं पद शाबूत राहिलं असतं. गावाला एवढं खोटं सहज गिळता आलं असतं. याहून मोठी गिळलेली आहेत.

"काकांनी बरोबर शिकवलं," कोलोने म्हणाला. पद नसलेल्यानं बैठकीत न विचारता तोंड उघडायचं नसतं. "लाफाइतालेंच्या करवंटीचं 'दोन डोंगरांमधली सावली' हे नाव मला येतं. सगळ्यांची येतात. पण आजारपणानंतर मी कुठवर आलो, ते माझ्या हाती राहत नाही. पुन्हा असंच होईल. काकांच्या माथी मारू नका."

"खाली बस," काका दातांत बोलले.

तो बसलेलाच होता.

लाफाइतालेंनी करवंटी घेतली, पण कोलोनेकडे न पाहता. उरलेला पुकारा काकांनी केला, आवाज दोनदा फाटला तरी.

त्यानंतर काका त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी आत्यानं तारो वाढलेलं पान दोघांच्या मधे आदळलं. "दोघं मुके, आणि ऐकायची मी!"

काका जेवता जेवता म्हणाले, "दार मी तुझ्यासाठी माझ्या पाठीनं उघडं धरून ठेवलं होतं, कोलोने. तू आपल्या हातानं लावून घेतलंस."

"किती दिवस धरलं असतंत, काका?"

पद वीलीआमुला गेलं.

वीलीआमु आता रोज दुपारी शिकायला येतो. कोलोने शिकवतो.

"अरे, तुला तर सगळं येतं!" वीलीआमु परवा म्हणाला. "तुझ्याऐवजी मी? मला लाज वाटते रे."

"लाज नंतर. पुढचं म्हण."

तेवढ्यात आत्यानं फणसाचं विचारायला हाक मारली. कोलोनेनं ओ दिली, आणि वळला तेव्हा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा.

"आपण कुठे होतो?"

वीलीआमु दांडग्या आवाजाचा माणूस. पण हे त्यानं आत्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं. "पाचव्यावर."

कोलोनेनं मान हलवली. पाचव्यापासून उचलायचा त्यानं प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.