हेमलताबाईंचा आग्रह आणि रविवारची सुई

पिंप्राळ्यात हेमलताबाईंच्या घरून नुसतं पोटभर जेवून कोणी सुटलेलं नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला, की बाई बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. असल्या बाईवर त्रेपन्नाव्या वर्षी भूक मारणारी सुई टोचून घ्यायची वेळ आली. गुडघे पार गेले होते आणि डॉक्टर म्हणाले, आधी दहा-बारा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. बाईंनी गल्लीत कोणाला पत्ता लागू दिला नाही. जन्मभर डाएटवाल्यांची टिंगल केलेली, आता कोणत्या तोंडानं सांगणार?

दर रविवारी सून मयुरी त्यांच्या पोटाला सुई टोचायची. "आई, थोडंथोडं खा, तेलकट नको, पोट भरलंसं वाटलं की थांबा," असं बजावायची. बाईंनी मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी तेलाचा तवंग आलेल्या पाटोड्यांच्या रस्स्यावर ताव मारला. औषध भूक मारतंय ना, मग खाल्लं तर काय बिघडतं, असं त्यांचं अचाट डोकं! पुढचे दोन दिवस मळमळ, उलट्या आणि सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर. नंतर चार दिवस पोट साफ होईना. बाई डॉक्टरांकडे औषधाची तक्रार घेऊन गेल्या. बाईंनी काय काय खाल्लं ते डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, तक्रार रस्स्याची करा. पुन्हा असं झालं तर सुई थांबवावी लागेल. मग ऑपरेशनही लांबलं."

मग मात्र बाई सुतासारख्या सरळ झाल्या. वाटीभर मुगाची खिचडी, घोटाघोटानं पाणी, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. सहा किलो उतरले.

तेवढ्यात आखाजी आली, अक्षय्य तृतीयेचा, लेकींनी माहेरी जायचा सण. मयुरीला माहेरी पोचवायला बाई धुळ्याला, देवपुरात गेल्या. विहीण रत्नाताई वाटच बघत होत्या. सात वर्षांपूर्वी लग्नाच्या बोलणीला आल्या असताना बाईंनी त्यांना इतकं वाढलं होतं, की परतीच्या गाडीत त्यांना धड बसवेना. आज त्याची भरपाई होती. खापरावरची पुरणपोळी, वाडगाभर आमरस, वर तुपाची धार. बाईंनी पाव पोळी खाल्ली आणि पोट गच्च झालं.

"पुरे, रत्नाताई."

"पुरे? ल्या वो विहीनबाई, काही व्हत नही!" म्हणत रत्नाताईंनी अख्खी पोळी ताटात टाकली.

हेच वाक्य बाईंनी आजवर शेकडो पाहुण्यांना ऐकवलं होतं. ते समोरून ऐकताना अंगावर काटा येतो, हे त्यांना आज कळलं. त्यांनी ताट जरा सरकवलं, तर रत्नाताईंचा चेहरा पडला. "मना हातनं आवडनं नही का?" पंगतीतल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. खावी तर सुई बंद, गुडघे गेले. न खावी तर विहीण दुखावली. बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते उलटीच्या आधी सुटतं तसलं. त्यांनी घास उचलला.

तेवढ्यात मयुरी आतून आली आणि तिनं ताटातली पोळी काढून घेतली. "मम्मी, त्या नको म्हणाल्या ना!"

मग बाईंनीच हात जोडले. "रत्नाताई, मी वजनाची सुई घेते. पोळी झकास झालीय हो, पण अजून एक खाल्ली तर तुमच्या अंगणातच परत करीन."

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. रत्नाताईंनी पोळ्या बांधून ठेवल्या आणि आल्याचा तुकडा आणून हातावर ठेवला.

नंतर अंगणात फेऱ्या मारताना बाई म्हणाल्या, "तू होतीस म्हणून वाचले गं."

"लग्नानंतर पहिलं वर्षभर मीही रोज नको म्हणायचे, आई."

"मला वाटायचं, तुला माझ्या हातचं आवडत नाही."

"आवडायचं. पोट भरलेलं असायचं." मयुरी म्हणाली. "तुम्ही वाढलेलं मी संपवायचे आणि मोरीत जाऊन ओकायचे. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सून पाणी फार सांडते म्हणून त्या नळावरून बाई तिला वर्षभर घालूनपाडून बोलल्या होत्या.